रॉकेलवरचे थंड कपाट

किहीम, ता. अलिबाग
९ मार्च १९५६

श्री. यज्ञेश्वर यांस,

कुमुदचे कार्ड परवा आले. जावईबापूंची बदली नागपूरला झाली आहे, पावसाळ्याआधी मुंबईचे बिऱ्हाड तिकडे हलणार आणि तुलाही बरोबर नेणार, असे तिने लिहिले आहे. तुला नागपूर नको आहे. किहीमला स्वतःच्या घरी राहायला आवडले असते, पण तुझे इन्सुलिन थंड जागी ठेवावे लागते आणि किहीमला बर्फ नाही, तेव्हा तो प्रश्नच उद्भवत नाही, असे तू तिला म्हणालास. हेही तिने लिहिले आहे. एवढ्या एकाच कारणासाठी मला हे पत्र लिहावे लागत आहे. दुसरे कारण त्यात शोधू नये.

तुझे म्हणणे मी तपासून पाहिले. किहीमला बर्फ नाही, हे खरे. अलिबागेत वीज आहे, आपल्याकडे अजून खांबसुद्धा रोवलेला नाही, हेही खरे. पण यावरून प्रश्न उद्भवत नाही असे ठरत नाही. प्रश्न उद्भवतो, त्याचे उत्तर शोधायचे राहिले आहे. शाळेत अठ्ठावीस वर्षे मुलींना मी हाच फरक शिकवला, आणि तुलाही लहानपणी शिकवला होता.

मला पुढील माहिती हवी आहे. एका महिन्याला बाटल्या किती लागतात, त्या किती अंश उष्णतेवर ठेवायच्या, आणि एखादा दिवस उकाड्यात राहिल्या तर टाकून द्याव्या लागतात का. डॉक्टरांना विचारून सांग. मला लिहायचे नसेल तर कुमुदकडून कळव.

तुझी प्रकृती एरवी बरी असेल.

आनंदी


किहीम
२१ मार्च १९५६

यज्ञेश्वर यास,

माहिती कुमुदच्या हस्ताक्षरात मिळाली. बाटल्या चाळीस अंश फॅरनहाइटच्या आसपास ठेवायच्या, पण गोठू द्यायच्या नाहीत, हे लक्षात घेतले आहे.

विजेशिवाय चालणारा रेफ्रिजरेटर असतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी फोर्टात नोकरीला आहे, तिने चौकशी करून कळवले. कपाटाच्या तळाशी रॉकेलचा दिवा असतो. तो रात्रंदिवस जळता ठेवायचा. मागच्या बाजूच्या नळ्यांत अमोनिया भरलेला असतो, तो ज्योतीच्या उष्णतेने फिरत राहतो आणि फिरता फिरता कपाटाच्या आतली उष्णता उचलून मागे बाहेर टाकतो. म्हणजे थंडी कोणी तयार करत नाही. उष्णता एका जागेवरून हलवून दुसरीकडे नेली जाते, इतकेच. हे मी ठमाबाईला नीट समजावून सांगितले. ती अजून आपल्याकडेच कामाला आहे आणि अजून तशीच आहे. म्हणाली, “इस्तवानं थंड करायचं, तर उद्यापासून चूल पान्यानं पेटवू का, बाय?”

एक इंग्रज साहेब मायदेशी परत चालला आहे, त्याचे असे कपाट विकायचे आहे. त्यावरून खर्चाचा पहिला अंदाज केला तो असा. कपाटाचे पाचशे पंचाहत्तर. भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंत लाँचचे भाडे आणि दोन्हीकडची हमाली मिळून बावीस. रेवसहून धर्माजीची बैलगाडी, बारा. कपाट अगदी समपातळीत उभे राहावे लागते आणि आपल्या माजघराच्या जमिनीला उतार आहे, म्हणून खाली चौथरा, पंधरा. मागे टाकलेली उष्णता घराबाहेर जावी म्हणून भिंतीला झरोका आणि त्याला जाळी, नऊ. एकूण सहाशे तेहतीस रुपये. रॉकेल महिन्याला दीड डबा लागेल, ते वेगळे.

घर बाबांनी दोघांच्या नावे ठेवले असले तरी कपाट माझे असेल आणि खर्चही माझा. तेव्हा तुझी संमती घ्यायची गरज नाही. न विचारता केलेल्या गोष्टी तुला समजतात, असा माझा अनुभव आहे.

आता कुमुदच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल. बर्फाची सोय झाली तरी तुला येता येणार नाही, कारण ‘या घराची पायरी पुन्हा चढू नकोस’ असे मी तुला सत्तेचाळीस साली म्हटले होते आणि तू दिलेला शब्द पाळणारा माणूस आहेस, असे तू म्हणालास. तसे मी म्हटले होते. समुद्राकडची पट्टी, चाळीस माडांसकट, मुंबईच्या शेठजींना तू विकलीस आणि मला ते कुंपणाच्या तारा आल्या तेव्हा कळले. कागदाप्रमाणे ती पट्टी तुझी होती. विचारण्याचा प्रश्न कागदाचा नव्हता. माझे मत आजही तेच आहे आणि ते या पत्रव्यवहाराचा विषय नाही. पायरीची अडचण मी नोंदवून ठेवली आहे. अंदाजपत्रकात ती कोणत्या सदरात घालायची, ते ठरवायचे आहे.

आनंदी


किहीम
५ एप्रिल १९५६

यज्ञेश्वर यास,

नवी हरकत मिळाली. तुझा हात हल्ली थरथरतो, सुई कुमुद टोचते, आणि किहीमला सुई टोचणारे कोणी नाही.

ही हरकत आधी सांगायला हवी होती. ती मिळाल्यापासून मी रोज सकाळच्या टांग्याने अलिबागेला जाऊन तिथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून इंजेक्शन द्यायला शिकले. सुई उकळणे, बाटलीचे बूच स्पिरिटने पुसणे, हवा काढणे, सगळे. सरावासाठी त्यांनी मला संत्रे सांगितले. इथे संत्रे कुठले, म्हणून मी कच्च्या पपईवर सराव केला. आधी पपईला बरेच सोसावे लागले, नंतर हात बसला. टोचलेली पपई शिजवायला ठमाबाईने साफ नकार दिला. “दवा घातलेली भाजी न्हाय करनार मी.” आत साधे पाणी होते, असे सांगून उपयोग झाला नाही. मी शिजवली, मी खाल्ली.

नर्सबाई म्हणाल्या, हात हलका आहे तुमचा. तुला हे खरे वाटणार नाही. तुझ्या पाठीला माझ्या हाताची जी माहिती आहे ती पन्नास वर्षांपूर्वीची आहे, एवढे ध्यानात घ्यावे.

जेवणाखाणाचे तुला पथ्य आहे, ते मला कुमुदने लिहून पाठवले आहे. भात मोजून मिळेल. मासळी हवी तेवढी. नागपूरला ताजी सुरमई कुठून आणणार आहेस, याचा विचार केला आहेस का? मी आग्रह करत नाही. तुलना करताना दोन्ही बाजू मांडाव्या लागतात.

कपाटाचे पैसे पाठवून दिले. लाँच ज्येष्ठात बंद होतील, त्याआधी सगळे उरकायला हवे.

मागच्या अंदाजात दोन चुका झाल्या होत्या. कपाटाचे पाय तांब्याच्या वाट्यांत पाणी घालून त्यांत उभे करावे लागतील, नाहीतर मुंग्या येतील. आणि दिव्याला जास्तीच्या वाती घेऊन ठेवायला हव्यात. सुधारित एकूण सहाशे बेचाळीस.

आनंदी


किहीम
२२ एप्रिल १९५६

यज्ञेश्वर यास,

कपाट आले. लाँचवरून रेवसच्या धक्क्यावर उतरले तेव्हा उभे होते, हे मी स्वतः पाहिले. मी तिथेच होते. ‘आडवे करू नये’ असे खोक्यावर लाल अक्षरांत लिहिले होते, ते मी धर्माजीला वाचून दाखवले, आणि मग पुढच्या टांग्याने निघाले, कारण गवंडी घरी येऊन बसला होता. ती चूक झाली.

संध्याकाळी गाडी आली तेव्हा कपाट पेंढ्यावर आडवे झोपलेले होते. अंगावर धर्माजीची घोंगडी होती. मी विचारले, हे काय. तो म्हणाला, “चोंढीला आंब्याच्या फांद्या लागत हुत्या, बाय. आनि येवढा मोठा गडी उभ्या उभ्या किती येल? जरा टेकवला.” त्याला रागावून काही फायदा नव्हता. कपाटाला त्याने खरोखरच मायेने वागवले होते.

कपाट आधी गाडीखान्यातच उभे केले. दिवा लावला. ज्योत निळी, सुरेख. चोवीस तास झाले तरी आत तेवढेच गरम होते जेवढे बाहेर. आत ठेवलेले दूध नासले. गावातले लोक एकेक करून बघायला येत होते आणि दार उघडून आत हात घालून म्हणत होते, “थंड लागतंय की.” माझी समजूत घालण्यासाठी. मी सगळ्यांना घरी पाठवले.

विकणाऱ्याच्या एजंटला तार केली. त्याचे उत्तर आले ते असे, की वाहतुकीत आडवे पडल्यामुळे नळ्यांतला अमोनिया भलत्या ठिकाणी अडकला असणार. कपाट एक दिवस पूर्ण उलटे, म्हणजे डोके खाली पाय वर, असे उभे करावे, मग सरळ करून पुन्हा एक दिवस स्वस्थ ठेवावे आणि मगच दिवा लावावा. मी ते दोनदा वाचले. उलटे करणे हा उपाय असलेले दुसरे यंत्र माझ्या माहितीत नाही.

धर्माजी आणि त्याचे दोन भाऊ यांनी दिवा आणि टाकी काढून कपाट उलटे केले. खाली गाद्या घातल्या. आता या क्षणी ते गाडीखान्यात डोक्यावर उभे आहे. ठमाबाईने त्याला ‘शीर्षासन’ म्हणायला सुरुवात केली आहे, हा शब्द तिने कुठून मिळवला देव जाणे.

उलटे करण्याची मजुरी सहा रुपये. गाद्या जुन्याच होत्या. एकूण सहाशे अठ्ठेचाळीस. थंडीबद्दल अजून काही सांगता येत नाही. जे सांगता येत नाही ते मी सांगणार नाही.

आनंदी


किहीम
४ मे १९५६

चि. यज्ञेश्वर यास आशीर्वाद.

तुझे कार्ड मिळाले. नऊ वर्षांनी तुझे अक्षर पाहिले. ते सुधारलेले नाही. ‘अक्का, उलटे केले तेव्हा आतले काही सांडले का?’ एवढा एकच प्रश्न, न सही, न तारीख. आत काही नव्हते. पुढच्या वेळी प्रश्न विचारताना सुरुवातीला प्रकृतीचा मजकूर लिहावा.

कपाट चालू झाले. अलिबागच्या हायस्कुलातल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडून थर्मामीटर उसने आणले आहे. मधल्या खणात सकाळी बेचाळीस, भर दुपारी पंचेचाळीस. वर बर्फाचा लहान कप्पा आहे, त्यात बर्फ धरतो. बाटल्या त्याला खेटून ठेवायच्या नाहीत, हे मी ठमाबाईला बजावले आहे.

पहिला बर्फ धर्माजीला दिला, कारण हक्क त्याचा होता. त्याने तो हातावर फिरवून पाहिला, मग खिशातून मिठाची पुडी काढली आणि कैरीला लावतात तसे मीठ लावून खाल्ला. म्हणाला, “चव न्हाय, पन मजा हाय.” समुद्राकडच्या बंगल्यातले शेठजीही आले होते. त्यांच्या मुंबईच्या लोण्यासाठी जागा मिळेल का, असे त्यांनी फार अदबीने विचारले. त्यांना मी एक कोपरा दिला. माणूस वाईट नाही. याचा अर्थ तुझा व्यवहार मला मान्य आहे, असा नव्हे.

मागे टाकलेली उष्णता वाया जात नाही. झरोक्यासमोर ठमाबाईने आमसुले वाळत घातली आहेत. दोन दिवसांत अशी खडखडीत झाली की तिने चुलीच्या वाक्याबद्दल काही बोलायचे टाळले आणि मीही टाळले.

आता पायरीबद्दल. कपाट गाडीखान्यातून घरात न्यायचे तर पुढच्या पाच पायऱ्या चढवावे लागणार होते. वजन मोठे, त्यात पुन्हा तिरके व्हायची भीती. म्हणून मी गवंड्याकडून पायऱ्या काढून टाकल्या आणि अंगणापासून ओटीपर्यंत सरळ दगडी उतार बांधून घेतला. चार माणसांनी ते सहज उचलून वर ठेवले असते, असे धर्माजीचे म्हणणे होते. त्याला मी मत विचारले नव्हते. खर्च अठरा रुपये, वाहतुकीच्या सदरात घातला. एकूण सहाशे सहासष्ट.

त्यामुळे सध्या या घराला पुढच्या बाजूने पायरी नाही. मागच्या दाराला एक आहे, पण तुझ्याशी बोलले ते पुढच्या ओटीवर उभी राहून.

कुमुद लिहिते की नागपूरच्या तिकिटांची जूनच्या पहिल्या आठवड्याची तजवीज चालली आहे आणि तुझे तिकीट काढायचे की नाही ते तू अजून सांगितलेले नाहीस. सांग. मुलीला ताटकळत ठेवू नये.

तुझी
अक्का


किहीम
१७ मे १९५६

चि. यज्ञेश्वर यास आशीर्वाद.

अक्षर वेडेवाकडे आले आहे, कारण माझे डोळे आले होते. आठवडाभर दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून अंधारात बसले. आज पहिल्यांदा थोडे उघडतात.

तू येण्याचे ठरवल्याचे कार्ड मिळाले. ते ठमाबाईला वाचता येत नाही आणि मला दिसत नव्हते, म्हणून तीन दिवस ते उशीखाली पडून होते. शेवटी शेठजींनी वाचून दाखवले. शेठजी ते दोनदा वाचून थांबले. दुसऱ्यांदा वाचा असे मी म्हटले नव्हते.

पण आता मला वेगळे लिहायचे आहे. येऊ नकोस.

कपाट बंद पडले आहे. मी पडून होते तेव्हापासून हळूहळू आत गरम होऊ लागले. आज पट्टी काढून थर्मामीटर पाहिले तर ऐंशी. बर्फाच्या कप्प्यात पाणी. दिवा जळतो आहे, पण ज्योत पिवळी आणि चिमूटभर, आणि सगळ्या चिमणीवर काजळी. डोळ्यांवर पट्टी असतानाच धर्माजीकडून वात बदलून घेतली होती, उपयोग नाही. एक दिवस पुन्हा उलटेही करून पाहिले. एजंटला तार केली, तो म्हणतो मिस्त्री पाठवायला जूनची अखेर होईल. तोवर लाँच बंद.

मला इथे तू हवास की नको, हा प्रश्न नाही. तुझी एक बाटली जरी उकाड्याने बिघडली आणि ते आपल्याला कळले नाही, तर काय होईल ते मी नर्सबाईंकडून नीट विचारून घेतले आहे. पावसात इथून अलिबागेला निघायचे म्हणजे कसे असते ते तुला माहीत आहे. तेव्हा जावईबापू रामचंद्ररावांना सांग आणि नागपूरचे तिकीट काढ. उन्हाळा तिथे कडक असला तरी घरात वीज आहे, बर्फ आहे आणि कुमुद आहे.

तुझ्यासाठी पश्चिमेकडची खोली सारवून घेतली होती. ती काही वाया जात नाही. सारवलेली खोली कुणाच्याही उपयोगी पडते.

खर्चाचा हिशेब मी बंद केला आहे.

अक्का


किहीम
२२ मे १९५६

चि. यज्ञू,

माझे १७ तारखेचे पत्र फाडून टाक.

काल सकाळी डोळे पुरते उघडले म्हणून मी स्वतः दिव्याची टाकी भरायला बसले. डोळे आल्यापासून हे काम ठमाबाईकडे होते. टाकीचे झाकण काढले आणि नाकाला वास आला तो खोबरेल तेलाचा. खरे म्हणजे आठवडाभर घरात तो वास येत होता. डोळे बांधलेले असल्यामुळे मी तो ठमाबाईच्या वेणीचा समजत होते.

मी तिला हाक मारली. विचारले, टाकीत काय घातलेस. ती जराही घाबरली नाही. पदराला हात पुसत म्हणाली, “तेल. आपल्याच वाडीचं, भेसळीचं न्हाय.”

मी म्हटले, “रॉकेलचा डबा समोर ठेवलेला होता ना?”

“हुता की. पर बाय, जो दिवा रातंदिस जळतो, इजवायचाच न्हाय, त्यात घासलेट घालतात व्हय? तुमी आजारी. घरात भाऊ येनार. म्हनलं, असल्या टायमाला अखंड दिव्याला घासलेटाचा वास नको. तुमाला कशाला सांगायचं, तुमी हिशेब कराल.”

  मी हेडमास्तरीण होते तेव्हा मुलींना विचारायची, दिव्यात तेल का जळते. तेव्हा ठमाबाई वर्गात नव्हती, आणि असती तरी तिने हेच केले असते. खोबरेल तेल जाड, ते त्या वातीतून वर चढत नाही. ज्योत मरते, ज्योत मेली की अमोनिया थांबतो. एवढी साधी गोष्ट. आणि मी कपाट दुसऱ्यांदा डोक्यावर उभे केले.

टाकी सोड्याच्या पाण्याने धुतली, नवी वात घातली, रॉकेल भरले. आज सकाळी मधल्या खणात सेहेचाळीस. दुपारी हे लिहिताना चव्वेचाळीस.

ठमाबाईला मी बोलले नाही. तिला एवढेच सांगितले की देवघरात आणखी एक समई लावत जा, ती तुझी, तिच्यात हवे ते तेल घाल. ती म्हणाली, “मंग त्या कपाटातल्या दिव्याला फुलं तरी वाहू का?” मी म्हटले, वाहा, पण टाकीत नको.

हे पत्र अर्धे झाले असताना तुझे कार्ड आले. माझे पत्र तुला मिळाले, त्याचे हे उत्तर. ‘नागपूरचे तिकीट काढत नाही. मोठा थर्मास विकत घेतला. भाऊच्या धक्क्यावर मासळीवाल्यांचा बर्फ मिळतो तो भरून शनिवारच्या लाँचने येतो. कपाट नसेल तर धर्माजीला रोज अलिबागेला बर्फासाठी पाठवू, त्याचा अंदाज तू कर. मला विचारून काही ठरवायची सवय तुलाही नाही.’

मार्चमध्ये बर्फ नाही म्हणून प्रश्न उद्भवत नाही, असे म्हणणारा माणूस तूच ना? मी ते कार्ड ठमाबाईला वाचून दाखवले. शेवटची ओळ सोडून.

शनिवारी धर्माजी गाडी घेऊन रेवसला येईल. पेंढ्यावर बसलास तरी चालेल, पण चोंढीच्या फांद्यांखाली मान खाली घाल, नाहीतर तो तुला आडवा करेल. थर्मासमध्ये बर्फ कमी आणि बाटल्या जास्त ठेव. बाटल्या बर्फाला चिकटू देऊ नकोस, मधे कापूस घाल. लाँचवर तळलेले काही खाऊ नकोस. कुमुदला सांग, पावसाळा संपला की मुलांना घेऊन यावे. नागपूरहून येताना संत्री आणावीत, इंजेक्शनच्या सरावाला नव्हे, खायला.

तुझी
अक्का


किहीम
शनिवार, २६ मे १९५६

आज दुपारच्या लाँचने रेवसला उतरून सायंकाळी घरी पोचलेले यज्ञेश्वर यांच्या ताब्यात पुढील गोष्टी दिल्या.

पश्चिमेकडील <s>पाहुण्यांची</s> खोली, चावी एक, कडी नीट लागत नाही. खिडकीतून समुद्राऐवजी शेठजींचा बंगला दिसतो, त्याबद्दल तक्रार घेतली जाणार नाही.

रेफ्रिजरेटरचा मधला खण संपूर्ण. त्यात सहा बाटल्या ठेवल्या, सर्व थंड, एकही गोठलेली नाही. खालचा उजवा कोपरा शेठजींच्या लोण्याचा असल्याने दिलेला नाही.

दिव्याची काजळी काढण्याचे काम, एक दिवसाआड. टाकी भरण्याचे काम माझ्याकडे.

उकळलेली सिरिंज एक, सुया तीन. टोचण्याचे काम माझ्याकडे. आजची पहिली सुई रात्रीच्या जेवणाआधी दिली. घेणाराने ‘झाली का?’ असे विचारले, तेव्हा झालेली होती.

ओटीवरची वेताची खुर्ची, उन्हाची बाजू.

घेणाराकडून मिळाले: थर्मास एक, त्यात बर्फाचे पाणी. कुमुदने दिलेली शाल एक. ठमाबाईसाठी लुगडे एक, धर्माजीसाठी तंबाखू.

देणार: आनंदी
घेणार: यज्ञेश्वर

वरील यादीतील ‘पाहुण्यांची’ हा शब्द घेणाराने सही करण्यापूर्वी माझ्या देखत, स्वतःच्या पेनाने खोडला आहे. खाडाखोड मान्य.

आनंदी